स्तवनिधीच्या अलीकडे

११ जुलै १९३८, सोमवार. निपाणी

घेतलं देशव्रत! चातुर्मासाला आलेल्या मुनिमहाराजांपुढे, बायकांच्या गर्दीत, चांगलं मोठ्यानं. दिवाळीपर्यंत हद्द ओलांडायची नाही — वर यमगर्णीची नदी, खाली स्तवनिधीचं देऊळ, बाकी दोन अंगांना आपली तंबाखूची रानं. सासूबाई पुढे, मी मागे. मनात हसू येत होतं. मी जाणार तरी कुठे? हे गेल्यापासून चार वर्षांत मंदिर आणि बाजार सोडून गेलेय कुठे! जिथे जायचंच नाही तिथे न जाण्याचं पुण्य, तेही फुकटात!

मार्चमध्ये बेळगावच्या शिक्षिका-विद्यालयाला अर्ज केला होता. उत्तर नाही. डिसेंबरात मला पंचवीस पुरी होतील आणि त्यानंतर तिथे घेत नाहीत. म्हणजे संपलंच ते.

१४ जुलै

मामंजींनी नवा शब्द दिला — 'कीप'. पूर्वी तंबाखूच्या गोऱ्या साहेबांशी ते इंग्रजीत बोलायचे. आता डोळ्यांत मोतीबिंदू. मी त्यांना पेपर वाचून दाखवते, ते मला इंग्रजी शिकवतात. चार वर्षांचा आमचा हा सौदा. या सुनेला डोकं आहे असं मानणारा घरात हा एकच माणूस!

मी म्हटलं, "एवढुसा शब्द? उद्या दुसरा द्या." तर म्हणाले, "आधी ह्याचं सगळं अर्थ काढ. दीड रकाना हाय कोशात. एक शब्द पुरता कळला की भाषा कळली, चंदना."

१७ जुलै

काय शब्द आहे हा! गाय 'कीप' केली की पाळली. दुकान केलं की चालवलं. घर केलं की सांभाळलं. दूध 'कीप' झालं म्हणजे नासलं नाही, टिकलं. आणि ही रोजनिशी — तीही 'कीप'च करायची म्हणे.

सासूबाई दारात येऊन उभ्या. "काय गं, दिवसभर त्या पोथीत काय बघतीस?" म्हटलं, ठेवणे म्हणजे काय ते बघते. "त्याला पोथी कशाला लागती? फडताळात डबा ठेव, आपसूक कळंल."

२ ऑगस्ट

'कीप वन्स बेड' — अंथरूण धरणे. साहेबसुद्धा अंथरूण धरतो तर!

२० ऑगस्ट

भरमा पोस्टमननं आज पत्र थेट माझ्या हातात दिलं. पाकिटावर विद्यालयाचा जांभळा शिक्का, मधे दिव्याचं चित्र. "आमच्या जूनच्या पत्रास आपले उत्तर आले नाही. सोमवार, दि. १० ऑक्टोबर रोजी सकाळी अकरा वाजता तोंडी परीक्षेस हजर राहावे. यानंतर संधी नाही."

न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. जूनचं पत्र टपालात हरवलं असणार. हरवेना का! हे आलं!

मग आठवलं. दहा ऑक्टोबर. दिवाळी तेवीसला. आणि बेळगाव स्तवनिधीच्या पलीकडे.

तेरा दिवस! कुणी पकडून नेलं नव्हतं मला. माझ्याच तोंडानं बोलले.

२१ ऑगस्ट

मामंजींना विचारलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "शब्द दिलास तर पाळायचा, पोरी. कीप युवर वर्ड. तूच काढलास न्हवं हा अर्थ?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या. पण गप्प असल्या तरी मत काय ते कळतंच — विधवा सून, बेळगाव, एकटी!

विद्यालयाला तारीख पुढे ढकला म्हणून लिहिलं आहे.

३ सप्टेंबर

दशलक्षण पर्वाचं पाचवं प्रवचन. महाराजांनी देशव्रताचे दोष सांगितले. हद्दीबाहेरून वस्तू मागवली तरी दोष. कुणाला बाहेर धाडलं तरी दोष. पलीकडच्याला हाक मारली, हात दाखवला, खडा जरी फेकला तरी दोष! बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. मला विद्यालयाला धाडलेलं पत्र आठवलं.

९ सप्टेंबर

तारीख बदलता येत नाही. दोन ओळींचं उत्तर.

२३ सप्टेंबर, अमावास्या

स्तवनिधीला दर्शनाला गेलो. देवळाच्या पुढे एक पाऊल नाही, हे मनात घोकत होते. बेळगावची मोटार घाटाकडे निघाली आणि खिडकीत कोण? माझी ब्राह्मी! धाकटी बहीण. कागलला लग्नाला आली होती, आता बेळगावपाशी अनगोळला परत निघालेली. तिनं मला पाहिलं. खिडकीतून अर्धी बाहेर आली, "आक्का! आक्का!" करत हात हलवू लागली. मोटार हद्दीपलीकडे गेलेली. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून उभी राहिले. दगडासारखी! तिचा हात हळूहळू खाली गेला.

राग येतो. महाराजांवर नाही, सासूबाईंवर नाही. मला फुकटचं पुण्य हवं होतं, त्या मलाच धरून बडवावंसं वाटतं. नेमकं सासूबाई वाटेत माझ्या पदराकडे बघत होत्या, तेही खुपलं.

५ ऑक्टोबर

संपला दीड रकाना. शेवटचा अर्थ — किल्ल्याच्या पोटातला बुरूज. शत्रू आला की आत शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. अन्नपाणी सगळं आत. फक्त बाहेर पडायचं नाही.

मामंजी खूष. "शाब्बास! आता नवा शब्द देतो." मला नको नवा शब्द. पहिल्यांदाच त्यांना पेपर वाचून दाखवला नाही.

८ ऑक्टोबर

आजचं सगळं जसं घडलं तसं लिहिते.

दिवाळीची आवराआवर म्हणून सासूबाई मामंजींची ट्रंक उन्हात टाकायला बसल्या. थोड्या वेळानं मला हाक. हातात एक पाकीट. त्यांना अक्षर येत नाही, पण म्हणाल्या, "ह्यावर बी तसलाच दिवा हाय बघ. तुझ्या त्या पत्रावर हुता तसला."

फोडलेलं पाकीट. निपाणी पोस्टाचा शिक्का — २९ जून. आत माझ्या नावाचं बोलावणं. जुलैच्या अठराव्या तारखेला या, नाहीतर कळवा.

मी वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांनीच मला सांगितलंतं गं... यंदा चंदनाला बी ने, व्रत घिऊ दे. मला वाटलं, म्हातारपणी धरम सुचला."

मामंजी सोप्यात होते. मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चाचपलं, ओळखलं. पेपर वाचवत नाही त्या माणसानं हे मात्र भिंग लावून वाचलं असणार! मला वाटलं, नाही म्हणतील, ओरडतील. म्हणाले, "तू गेलीस तर मला वाचून कोण दाखवंल गं?" आणि रडायला लागले.

ज्यानं अक्षर दिलं त्यानंच दार लावलं. त्यांचा तिरस्कार करावासा वाटतो, आणि तो होत नाही, याचाच जास्त राग येतो.

९ ऑक्टोबर

सासूबाई सकाळी चुलीपाशी म्हणाल्या, "जा तू. प्रायश्चित्त माझ्यावर. उपास मी धरीन. महाराजांना मीच सांगीन, खरं हाय तेच सांगीन."

साठीला आलेली बाई, माझ्यासाठी उपाशी! नाही म्हटलं. फसवून असो, बोलले मीच. जाणार नाही. ठरलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

१० ऑक्टोबर. बेळगाव

साडेदहा झालेत. विद्यालयाच्या बाकावर बसून लिहिते.

सासूबाईंनी पहाटे उठवलं, हाताला धरून मोटारीपाशी नेलं आणि स्वतःच आधी चढल्या! म्हटलं, "तुमचं पण व्रत आहे!" तर म्हणाल्या, "एकटीला पाप जड हुतंय. दोघींनी वाटून घिऊ."

स्तवनिधी आली तशा त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. देऊळ मागे पडलं. सासूबाई पुढे, मी मागे.