ह्यांच्या खुर्चीसाठी बाथरूम

१२ ऑगस्ट

बाथरूमचं दार चोवीस इंची. ह्यांची चाकांची खुर्ची सत्तावीस इंची. टेप बदलून पुन्हा मोजलं. दार काही रुंद झालं नाही.

पुनर्वसन केंद्रातल्या बाई स्पष्ट बोलल्या — "सप्टेंबरअखेर घर बघायला येऊ. खुर्ची आत जाते, पाय घसरत नाही, धरायला दांडे आहेत, एवढं दिसलं तर घरी पाठवू. नाहीतर त्यांना कायमच्या विभागात हलवावं लागेल." अर्धांगवायूचा झटका आल्यापासून हे तिथेच आहेत. कायमचा विभाग मी पाहिलाय. टीव्ही चालू असतो, बघत कोणी नसतं. तिथे मी ह्यांना ठेवणार नाही.

ठेकेदार येऊन गेला. आकडा ऐकल्यावर त्याला चहासुद्धा विचारला नाही. मीच करणार. गणित घेऊन बी.एस्सी. झाले ते काय नुसतं किराण्याचा हिशेब करायला?

१७ ऑगस्ट

मुलाचा फोन.

"आई, तू आता सदुसष्ट वर्षांची आहेस."

मला माहीत आहे. जन्मतारीख माझीच आहे.

"तिथे चोवीस तास माणसं आहेत. तू एकटी बाबांना उचलणार कशी?"

उचलायचं नाहीच. ढकलायचं आहे. म्हणून तर दार फोडतेय, म्हटलं. तो गप्प बसला. हा गप्प बसतो तेव्हा आपल्या बायकोकडे बघत असतो, हे मला फोनवरूनही कळतं.

२० ऑगस्ट

दीर आले, स्वतःची छिन्नी घेऊन. त्यांची पाठ धरलेली, माझे गुडघे गेलेले. दोघांत मिळून एक धड माणूस. चौकट उखडली, उंबरठा फोडला, मग जुनी फरशी.

"वहिनी, फोडताना तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतंय, त्याची मला भीती वाटते."

"बोलू नका. फोडा."

राडारोडा पोत्यांत भरून खाली नेला. आता बाथरूम नाहीच. आंघोळ स्वयंपाकघरात, परातीत उभं राहून.

२६ ऑगस्ट

केंद्रात जाऊन ह्यांना नकाशा दाखवला. इथे दार, इथे दांडा, इथे बसायची खुर्ची, इथे मी उभी. बराच वेळ बघत होते. शब्द अजून अडकतात. शेवटी म्हणाले, "आतून... कडी?"

"कडी कशाला? पडलात तर दार उघडू कशी?"

खिडकीबाहेर बघत बसले. दमले असतील.

२ सप्टेंबर

दुकानात उरलेल्या मालातली खडबडीत फरशी मिळाली. स्वस्त. एका रंगाची पुरेशी नाही. दुकानदार म्हणतो, "काकू, दोन रंग मिसळून लावा. लोक म्हणतील डिझाइन आहे."

७ सप्टेंबर

फरशी बसली. स्पिरिट लेव्हल कुठेही ठेवा, बुडबुडा बरोबर मधोमध. दिरांना चारी कोपऱ्यांत ठेवून दाखवली. गवंडीसुद्धा इतकं सरळ काम करत नाहीत.

९ सप्टेंबर

फरशी सुकली म्हणून बादलीभर पाणी ओतलं. पाणी पसरलं आणि थांबलं. जाळीकडे गेलंच नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखं, बोटभर.

सपाट! बाथरूमला उतार लागतो हे शेंबड्या पोराला कळतं. मी दोन दिवस खपून उतार काढून टाकला.

दीर दारात उभे होते. "तलाव छान झालाय, वहिनी. मासे सोडू का?"

मी हसले नाही. मग तेही हसले नाहीत. पाणी टिपायला फडकं आणलं त्यांनी.

१० सप्टेंबर

काही केलं नाही.

११ सप्टेंबर

फरशी काढायला घेतली. निम्मी तुटतेय. सिमेंट इतकं घट्ट बसलंय की कौतुक करावं. हात सुजलेत, पेन नीट धरता येत नाही.

मुलाचं ऐकायला हवं होतं, असं आज पहिल्यांदा वाटलं. केंद्रात फोन करून सांगावं, झालं नाही, हलवा त्यांना. एका वाक्याचं तर काम. फोन हातात घेतला. नंबर लावला नाही, पण खालीही ठेवता येईना.

सकाळी परातीत उभी राहून अंगावर पाणी घेताना रडू आलं. परात वाजू नये म्हणून हळूहळू ओतत होते. घरात ऐकायला आहे कोण?

१७ सप्टेंबर

दोरी ताणून, जाळीकडे ढाळ देऊन पुन्हा फरशी लावली. आता तिसरा रंगही आहे. डिझाइनच डिझाइन. पाणी ओतलं. गेलं. बरं वाटायला हवं होतं. नुसती थकले आहे.

२१ सप्टेंबर

दांडा बसवला आणि त्याला लटकून पाहिलं. दांडा, स्क्रू आणि भिंतीचा तुकडा, सगळंच माझ्या हातात आलं. आपटले. लागलं फार नाही, पण उठावंसं वाटेना. ह्यांचं वजन माझ्या दीडपट. एकच हात धड. तो हात या दांड्यावर असता तर?

मी ह्यांना घरी आणत नाहीये, पाडायला आणतेय.

दीर संध्याकाळी आले. ठोकून भिंत तपासली. "आत पोकळ विटा आहेत. आरपार बोल्ट टाकू. पण पलीकडे तुमच्या झोपायच्या खोलीत दिसतील."

"दिसू देत."

२६ सप्टेंबर

केंद्रातल्या बाई आल्या. सोबत आणलेल्या चाकांच्या खुर्चीत स्वतः बसून आत गेल्या, वळल्या, दांड्याला लटकल्या. बोल्ट हलला नाही. पाणी ओतलं, गेलं.

"कोणी केलं?"

"आम्ही."

फरशीच्या रंगांकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं. "परवा घेऊन जा त्यांना."

दिरांनी मला हात जोडून नमस्कार केला. चक्क.

२८ सप्टेंबर

मी गाडी घेऊन केंद्रात गेले. ह्यांची बॅग भरलेली नव्हती. एकेक शब्द शोधत म्हणाले, "मी इथेच राहतो. इथे परकी माणसं आंघोळ घालतात. परकी आहेत... म्हणून सोसतं."

ह्यांनी माझा सुजलेला हात धरला.

"तू दुपारी येत जा. मी भांग पाडून बसेन."