रंग खोटा नव्हता

फ्रिबुर्ग, स्वित्झर्लंड

बाबा, दोन्ही गालांवर पापा.

जेवण नीट आहे. इथल्या सपक सूपमध्ये मी आईचं लाल तिखट घालते. तुम्ही जिना एकटे उतरत नाही ना?

तोल राखणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशींमध्ये कॅल्शियम धरणारं एक प्रथिन असतं. रंग दिला की ते उजळतं. इथल्या प्रयोगशाळेत मी तुमचाच आजार असलेल्या एका मृत माणसाच्या मेंदूचा पातळ काप पाहिला, त्यात मोठ्या पेशींची रांग विरळ दिसली. शेजारच्या बारक्या पेशी मात्र झळकत होत्या. म्हणजे रंग खोटा नव्हता, मोठ्या पेशीच गेल्या होत्या.

गुत्त्यावरचे लायोशकाका तुमचा झोक जाताना पाहून अजून म्हणतात का, “सकाळीच पालिंका ढोसलीस वाटतं”? नाताळला मी येतेय. चर्चला त्यांना चुकवून मागच्या गल्लीने जायचं नाही. माझा हात धरून त्यांच्या दारावरूनच चालायचं.

हा आजार रक्तातून उतरतो म्हणून सांगते, माझे हात अजून स्थिर आहेत.

तुमची इलका