दोन वह्या एका टेबलावर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता चेहऱ्याआधी तुमची बोटंच आठवतात. दंडाला रबर बांधून शीर चाचपणारी. नामांतराच्या मोर्च्यांपायी माझं कॉलेज सुटलं, तेव्हा तुम्हीच मला काविळीच्या पाहणीत रक्ततपासणीच्या कामाला घेतलंत. ताडकळसच्या शाळेत टेबल मांडलंय आणि एक म्हातारी भांडायलीय, "मास्तर, नळीभर रगत नेता, अन् देता काय? बिस्कुटाचा पुडा?" तुम्ही हसता. "मावशी, ह्या काविळीची लस लय महाग हाय. किती जणांच्या रक्तात ही कावीळ हाय हे मोजल्याबिगर सरकार लेकरांना फुकट देईल का?"

नावापुढं नंबर लिहिलेली वही तुमच्या कपाटात, नंबरापुढं निकाल लिहिलेली माझ्याकडं. दोन्ही एका टेबलावर आणायच्या नाहीत, हे तुम्ही मला दरडावून सांगितलं होतं. मी आणल्या. तुम्ही जेवायला गेला होतात. कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या ताडकळसच्या मुलीचं लग्न जिंतूरला ठरलं होतं, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिचा नंबर सापडला. पुढं 'पॉझिटिव्ह'. दुसऱ्या दिवशी एसटीनं जिंतूरला जाऊन मी नवऱ्या मुलाच्या भावाला सांगून आलो.

लग्न मोडलं. ताटावाटीनं हे लागत नाही, नवऱ्यानं आधी लस घेतली की झालं, असं तुम्ही तिच्या वडिलांना परोपरीनं समजावलंत. ते एवढंच म्हणाले, "सर, तुमच्यावर इस्वास ठेवला होता." परतताना तुम्ही विचारलंत, "तू बोललास का रे कुठं?"

"न्हाई सर."

पुढं तुमची चिठ्ठी घेऊन मी तिच्या घरी गेलो. ओसरीच्या कोपऱ्यात दोन पेले पालथे होते. एक नेहमीचा, आम्हा बौद्धवाड्यातल्यांसाठी. दुसरा नवा, तिचा. तिनंच माझ्या पेल्यात वरून पाणी ओतलं. "तू तरी घरी जाऊन कुणाच्याबी पेल्यानं पितोस," ती म्हणाली.

आता जन्मलेल्या बाळाला ती लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. माझ्या नातीला टोचली, तेव्हा तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणीच नव्हतं. म्हणून लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, की तिला सावध करायला वही उघडली. तो फाडला. हा तरी कोणत्या पत्त्यावर टाकणार? लग्न मोडल्याचं कळलं, त्या दिवशी मला आनंद झाला होता, सर.