यशवंताचं मधलं नाव

देवास, मार्गशीर्ष शु. ५, शके १८२९

चिरंजीव धोंडिबास थोरल्या भावाचा, रामजीचा आशीर्वाद.

तुझा यशवंता खुशाल आहे, पोटभर जेवतो. त्याच्या आईचे, पार्वतीचे डोळे आता बरे आहेत का?

एक लाजेची गोष्ट लिहायची आहे. घोड्यांच्या पागेत आता संस्थानच्या रयतेलाच किंवा तिच्या मुलांना ठेवतात. मी तीस वर्षांत इथला झालो, पण पुतण्या बाहेरचा ठरतो. यशवंताचा अर्ज हातात घेऊन कारकुनानं विचारलं, "भिया, छोरा किसका है?" मी म्हणालो, "माझाच."

"तो फिर यशवंत धोंडिबा कैसे?"

म्हटलं, "घरात मला धोंडिबाच म्हणतात." त्यानं हसून अर्जावरचं 'धोंडिबा' खोडलं आणि 'यशवंत रामजी' लिहिलं. यशवंता खाली बघत राहिला.

चाकरी लागली. नेमणुकीचा कागद यशवंता तुला पाठवील. पार्वतीला वाचून दाखवताना तेवढं नाव गाळ.

मला मूलबाळ नाही. कारकुनानं ते नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा मला फार गोड वाटलं. खोटं बोलल्यापेक्षा त्याचीच लाज जास्त वाटते.

थोरला असून तुझ्यापुढे मान खाली घालणारा,
रामजी