गोमादादाच्या गोळ्या

गुरु., ११ जाने. १९९६
निडीहून गाडीने पेण. एकटी. हे स्टेशनपर्यंत आले, "मी येतो ना," तीनदा. नाही म्हटलं. दिवाळीत लकव्याने डावं अंग गेल्यापासून यांनी मला चहाचा कपसुद्धा उचलू दिलेला नाही.
रामवाडीच्या दवाखान्यात डॉ. बाई दर गुरुवारी आम्हा लकवावाल्यांना एकत्र बसवतात. आपलं आपण करायचं, एकमेकांना शिकवायचं. मी स्वतः नर्स आहे, ते तिथे सांगितलं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगतेच आहे. आता पुरे.

गुरु., १८ जाने.
मिठागरातले गोमादादा. उजवा हात अधू. माझ्यासाठी पाट आणला, खालून दोन खिळे ठोकलेला, तेही डाव्या हाताने. "कांदा खिल्यावर रोव, मंग काप. हालत नाय."
घरी येऊन एक कांदा चिरला. अर्धा तास. यांनी सुरी काढून घेतली. मी ओरडले.

गुरु., २५ जाने.
चहाच्या बाकावर गोमादादा हळूच, "बी.पी.च्या गोल्या सोडल्या. तोंडात धरतंय नि मागं जाऊन थुकतंय. बारा दिस झाले. डोकं कसं हलकं हाय!"
म्हटलं, डॉ. बाईंना सांगा.
"नाय गो. तू पन सांगू नको. तुला माजी शपथ."
तोंडाशी आलं होतं सगळं. बी.पी. दुखत नाही, म्हणूनच… पण तिथे मी पेशंट. गप्प बसले.

शनि., २७
चैन नाही. डॉ. बाईंना फोन करायला बूथवर गेले, रांग बघून परत. रांग चार माणसांची.
गुरुवारी सांगेनच.

गुरु., १ फेब्रु.
गोमादादांची खुर्ची रिकामी. मंगळवारी मिठागरात कोसळले. परत झटका. आता वाचाही गेली.
व्यायाम सुरू झाला. मला बसवेना, उभं राहवेना.

रवि., ४ फेब्रु.
गोमादादांच्या घरी, डोलवीच्या अलीकडे. हे बरोबर होते, मीच चला म्हटलं.
त्यांची बायको सोनीबाय. "गोल्या रोज माज्या हातानं देतंय गो. पानी पन मीच. तरी असा कसा झाला?"
दादा माझ्याकडे बघत होते. नजर हलवत नव्हते.
बी.पी.चं मशीन नेलं होतं. एका हाताने जमेना. फुगा सोनीबायने दाबला, स्टेथोस्कोप कानाला मी लावला. आकडा खरा वाटेना, परत मोजला. "तुला ह्यातला कलतंय?" म्हटलं, मी नर्स आहे. एवढंच सांगता आलं.
परतताना यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तुझा काय दोष?" राग आला. दोष आहे.

गुरु., ८ फेब्रु.
दवाखान्याआधी सोनीबायकडे. एकटी. ती दादांना पेज भरवत होती. उभ्यानेच सांगून टाकलं. गोळ्या तोंडात धरून मागे जाऊन थुंकत होते. मला ठाऊक होतं. पाच दिवस ठाऊक होतं.
तिने दादांची हनुवटी पुसली. दादांच्या डोळ्यांतून पाणी. मी दारापर्यंत आले तेव्हा म्हणाली, "पुढच्या गुरवारी येशील?"
रागाने विचारलं की कसं, कळलं नाही. व्हय म्हटलं.