मदत तास : पाच ते सहा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीची सुट्टी संपली. माझ्या निवृत्तीला एकोणनव्वद दिवस उरले. ३१ जानेवारीला अठ्ठावन्न पूर्ण.

मुख्याध्यापक सिद्धलिंगप्पा सरांना सकाळीच गाठलं. म्हटलं, मी गेल्यावर या शाळेतल्या तंत्रज्ञानाचं काय? ते बशीत चहा ओतत होते. म्हणाले, अहो उदयसिंह सर, संस्थेला मानद मार्गदर्शक ठेवता येतो की. पगार नाही बघा. पण सेक्रेटरींना गरज दिसली पाहिजे.

पगाराचा प्रश्नच नाही. आणि गरज उघड आहे. बावीस शिक्षक, एक स्मार्ट पॅनल, आणि पॅनल कळणारा माणूस एकच.

संकल्प : आजपासून रोज शाळा सुटल्यावर पाच ते सहा पॅनल रूममध्ये बसायचं. नाव, 'मदत तास'. कोणीही यावं, काहीही विचारावं. रजिस्टर आखलं : तारीख, शिक्षकाचं नाव, समस्या, उपाय, सही. घरी सहाच्या आत पोचलं की संध्याकाळ फार लांबते, हे त्याचं कारण नाही.

आज आलेले शिक्षक : शून्य. पहिलाच दिवस आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पॅनल रूम झाडून घेतली. पॅनल तीन वर्षांपूर्वी आलं तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर नोंद झाली. नोंद झालेली वस्तू बिघडली तर ज्याचं नाव त्याने जबाब द्यायचा. म्हणून कुलूप. किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, दुसरी ऑफिसच्या कपाटात पाकिटात, येडूमामा शिपायाच्या ताब्यात, फक्त झाडण्यासाठी.

पॅनलवर एक ओरखडा नाही. कव्हर वच्छलाने शिवलं होतं, दोन सोलापुरी चादरी जोडून. पॅनल आलं त्या जूनमध्ये शिवलं, दिवाळीआधी ती गेली. कव्हर छान टिकलंय. फक्त घड्यांवर विरलंय. हल्ली सूतच चांगलं मिळत नाही.

पॅनल वापरण्याची पद्धत मी अगदी सोपी ठेवली आहे. दोन दिवस आधी अर्ज, तीन प्रती. तीन वर्षांत आलेले अर्ज चार. शिक्षकांच्या मनात तंत्रज्ञानाची भीती फार आहे.

माझे स्वतःचे तास कोणते, ते वेळापत्रक दर सत्राप्रमाणे पॅनल रूमच्या दारावर चिकटवलं. मी कधी सापडणार नाही हे लोकांना नेमकं कळलं पाहिजे.

आले : शून्य.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सायं. ५.४०

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. 'तंत्रस्नेही मदत कक्ष'. सगळ्या बावीस जणांना घेतलं. पाच मिनिटांत गुलाबाची तीन फुलं, दोन समया आणि एक सुविचार. लगेच सेटिंग बदललं. आता मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकू शकतो. अ‍ॅडमिन मी.

सूचना टाकली : आपल्या अडचणी निःसंकोच ग्रुपवर लिहाव्यात.

सोमवार, १० नोव्हेंबर

ग्रुपवर एकही अडचण नाही. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. संकोच. आपल्याला येत नाही हे चारचौघांत लिहायला माणूस कचरतो. पुन्हा सूचना टाकली : लाजू नका.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इतिहासाचे शिवयोगी सर स्टाफरूममध्ये म्हणाले, ओ सर, तुमच्या ग्रुपवर मेसेजच जात नाही की. फोन बघितला. जुना हँडसेट, स्टोरेज भरलेलं. लगेच निदान केलं. नातवाचे व्हिडिओ भरमसाट होते, तीन जीबी. डिलीट करून दिले. त्यांनी फोन खिशात घालून वरचं बटण लावलं. समाधान झालं असावं.

हे पाच ते सहाच्या बाहेर झालं, त्यामुळे रजिस्टरला घेता येत नाही. वाईट वाटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आरोहीचा पुण्याहून फोन. रविवारचा असतोच. पप्पा, जेवलात का, काय केलंत, औषध घेतलं का. नंतर म्हणाली, जानेवारीनंतर इकडेच या. म्हटलं, शाळा सोडणार नाही मला. ती म्हणाली, पप्पा, निवृत्त म्हणजे सोडणारच की हो. तिला संस्थेच्या गोष्टी कळत नाहीत. सात मिनिटं बोललो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज पहिली नोंद!

५.१५ ला विज्ञानाच्या शाइस्ता मॅडम दारात. म्हणाल्या, सर, बसू का जरा, मोबाईल पॅनलला कसा जोडायचा ते सांगता? तीनच वर्षं झाली त्यांना शाळेत. विद्यार्थी आला की शिक्षक कसा उजळतो, ते माझं मला जाणवलं. आधी जुन्या पिनांच्या केबलपासून सुरुवात केली. मग प्रोजेक्टरचा काळ. मग २०१७ साली माळशिरसच्या प्रशिक्षणात मला मिळालेलं प्रमाणपत्र. पाऊण तास झाला. त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

प्रात्यक्षिकाला आलो तर मी बटण सांगायच्या आत त्यांनी फोन जोडलासुद्धा. समजावून सांगण्याची हातोटी असली की असं होतं. जाताना कव्हर त्यांनीच घातलं. चार घड्या, डावी बाजू आत, अगदी वच्छला घालायची तसं. म्हटलं, निरीक्षण चांगलं आहे तुमचं. त्या म्हणाल्या, सर, घरी जा आता, अंधार पडतोय, जेवण करा नीट.

समस्या : एक. उपाय : केला. सही घेतली.

सोमवार, १ डिसेंबर

आठवी ब. माझा भूगोलाचा तास. अर्शी नावाची मुलगी शेजारणीला सांगत होती, हृदयाच्या झडपा बोटाने उघडून बघितल्या, लई भारी दिसत्यात. विचारलं, कुठे बघितल्या? म्हणाली, वरच्या मोठ्या टीव्हीवर, सर. मी समजावलं की तिला मोबाईल म्हणायचं आहे. ती हसली. शेजारीणही हसली. या वयात हसू येतं.

आले : शून्य. शाइस्ता मॅडमनंतर कोणी नाही. एकदा नीट शिकवलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर, ५.०५

पॅनलला हात लावला तर कोमट. खोली पश्चिमेची, ऊन येतं. येडूमामाला विचारलं, खिडकी उघडी ठेवतोस का? तो म्हणाला, न्हाय ओ सर, ऊनच लई असतंय हितं. मीही तेच म्हणत होतो.

बुधवार, २४ डिसेंबर

आले : शून्य. पॅनल लावून वच्छलाचा एक जुना फोटो मोठा करून बघितला. रंग तपासण्यासाठी. रंग बरोबर आहेत.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

सव्वीस दिवस उरले. सिद्धलिंगप्पा सरांना आठवण केली. म्हणाले, सेक्रेटरींना लेखी अहवाल द्या, आणि शिक्षकांचं म्हणणं जोडा. म्हणजे काम झालंच.

रात्रीचं जेवण मेसमधून आणलं. भाजी खारट. त्याकडे लक्ष नव्हतं. गूगल फॉर्म बनवला. प्रश्न तीन. (१) पॅनल आठवड्यातून किती वेळा वापरता? (२) काय अडचणी येतात? (३) मानद मार्गदर्शक हवेत का? तिसऱ्याला पर्याय दोन : 'हो' आणि 'नक्कीच हो'. लोकांना जास्त पर्याय दिले की ते गोंधळतात.

शुक्रवार, ९ जानेवारी

फॉर्म सगळ्यांनी भरला. बावीसच्या बावीस! सतरा 'हो', पाच 'नक्कीच हो'.

पण पहिल्या प्रश्नाची उत्तरं साफ चुकली आहेत. पाच वेळा. सहा वेळा. रोज. शिवयोगी सरांनी लिहिलंय, 'रोज दोन तास, पानिपतचा नकाशा झकास दिसतो.' यांना साधा फॉर्म भरता येत नाही! अर्जाशिवाय पॅनल उघडतच नाही, तर वापरणार कुठून? अडचणींच्या रकान्यात सगळ्यांनी 'नाही' लिहिलं.

संकल्प : मानद झाल्यावर पहिलं प्रशिक्षण, फॉर्म कसा भरावा.

उत्तरं दुरुस्त करावीत का, यावर विचार केला. नको. चुकीची असली तरी शाळेच्या दृष्टीने बरी दिसतात. आणि श्रेय शेवटी मार्गदर्शकाचंच.

शनिवार, १० जानेवारी

अहवाल दिला. अकरा पानं, बाइंडिंग करून. सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, सर, पीएचडी का? ठळक अक्षरांत : 'सर्व शिक्षक पॅनल रोज वापरतात. मदत तासात नोव्हेंबरपासून समस्या फक्त एक, तीही तत्काळ सुटली.' इतका स्वच्छ अहवाल संस्थेकडे क्वचितच गेला असेल.

गुरुवार, १५ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी. शिवयोगी सर म्हणाले होते, चला की यात्रेत, आमची सगळी मंडळी आहे. म्हटलं, अहवालावर केव्हाही बोलावणं येऊ शकतं. दिवसभर फोन जवळ ठेवला. शोभेचं दारूकाम गच्चीवरून दिसलं. आवाज उशिरा येतो.

मंगळवार, २७ जानेवारी

सिद्धलिंगप्पा सरांनी बोलावलं. आधी चहा मागवला, तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाले, सेक्रेटरींनी अहवाल वाचला, लई खूश झाले. म्हणाले, बावीस जण रोज वापरतात, अडचण एकही नाही, मग मार्गदर्शक कशाला? उदयसिंह सरांनी काम पूर्ण करून दिलं. सत्कार करा त्यांचा.

म्हटलं, सर, तो अहवाल थोडा फुगवलेला आहे. खरं तर कोणीच वापरत नाही.

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत राहिले. म्हणाले, जाऊ द्या ओ सर. चहा घ्या.

आले : शून्य. मी ६.३० पर्यंत बसलो.

शनिवार, ३१ जानेवारी

चार्ज देण्याचा दिवस. पॅनल एक, पेन दोन, रिमोट एक, कव्हर एक. डेडस्टॉकच्या नमुन्यात 'वापराचे एकूण तास' असा रकाना आहे. तो आजवर कोणी भरला नव्हता. पॅनलच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं.

दोन हजार तीनशे अठरा.

येडूमामाला हाक मारली. म्हटलं, मशीन बिघडलंय. तो दारातच उभा राहिला. दारावर माझं वेळापत्रक होतं, त्याच्याकडे बघत म्हणाला, बिघडलं न्हाय ओ सर. तुमी कवा कुटं असता ते हितं लिवलेलंच हाय की. तुमचा तास लागला की मी दार उघडतो. तीन वर्सं झाली. पर पेन मोजून घेतो, कुणाला ओरखडा काडू देत न्हाय. आन् बाईंनी शिवलेलं कव्हर हाय, ते घडी घालूनच ठेवायचं, ही शाइस्ता मॅडमची ऑर्डर.

कव्हर हातात घेतलं. घड्यांवर विरलेलं सूत. दोन हजार तीनशे तास.

निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ. शिवयोगी सर भाषणात म्हणाले, सरांनी ही वस्तू जपली म्हणून आजही नवी आहे. ते मनापासून म्हणाले. मी भाषणात काय बोललो, आठवत नाही.

नंतर शाइस्ता मॅडमच्या हातात किल्ली द्यायला गेलो. त्या म्हणाल्या, सर, राहू द्या तुमच्याकडे. आमच्याकडे आहे. मग डोळे पुसून म्हणाल्या, तुमचा फोन द्या जरा. ग्रुपचं सेटिंग बदललं आणि फोन परत दिला. रिक्षात बसेपर्यंत बावीस मेसेज. सगळे गुलाब.

एकही डिलीट केला नाही.

विचारलं नाही, तरी विचारायचं होतं : वीस नोव्हेंबरला त्या का आल्या होत्या?

सोमवार, २ फेब्रुवारी, सायं. ६.१०

कव्हर मला देऊन टाकलं आहे, म्हणे पॅनलला नवीन आणू. घरच्या टीव्हीवर घातलं. फार मोठं होतं. टीव्ही दिसत नाही. राहू दे.

किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला.

पाच वाजता रजिस्टर घेऊन बसलो. सवय. आले : शून्य. साडेपाचला आरोहीला फोन केला. आज रविवार नाही, त्यामुळे ती घाबरली. पप्पा, काय झालं? म्हटलं, काही नाही गं, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा पुढचा-मागचा कसा करायचा, तेवढं सांग. मला येतं. मी माळशिरसला शिकलोय ते.

तिने पहिल्यापासून समजावलं. मध्येच ऑफिसचा कोणाचा तरी फोन आला, तो कापला. तेवीस मिनिटं. मी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

समस्या : एक. उपाय : सांगितला. सहीच्या रकान्यात माझीच सही केली.

उद्या प्रिंटरचं विचारेन.