घरातला गोलकीपर

माझ्या धाकट्या शहनाझला आपाचा सलाम, तुझ्या कोंबड्यांनाही सलाम.

अल ऐनला मी मजेत आहे. काल जेवताना आपला खैरुद्दीन आणि सूनबाई बर्फावरच्या हॉकीवरून भांडले. जगातला सगळ्यात भारी गोलकीपर कोण? तो म्हणे हाशेक, ती म्हणे रॉय. हा रॉय बंगाली नाही हं!

मी म्हटलं, "खलास, पुरे आता! सगळ्यात भारी तुझे अब्बा. स्वतःचं दुखणं शेवटपर्यंत अडवलं, आमच्यापर्यंत पोचूच दिलं नाही."

खैरू मान खाली घालून जेवला. त्याची नोकरी गेलीय हे मला कळलंय, पण तो सांगत नाही. मीही रोज सकाळी त्याचा डबा भरते.

तुझ्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले? तू एवढी रुंद, आख्खा गोल झाकशील. पण माझ्यापुढे गोलकीपर होऊ नकोस गं, खरं ते लिही.

तुला छळणारी,
आपा